घर राखणारी मुलं

छत्तीसगडात शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात, आणि मग काही घरांत रोज सकाळी एखाद्या मुलाच्या पोटात दुखू लागतं. शाळेची रिक्षा निघून गेली की दुखणं ओसरतं. रविवारी दिवसभर मूल ठणठणीत असतं, संध्याकाळी पुन्हा काकुळतीला येतं. आपण म्हणतो, 'सोंग करतोय.' हे सोंग नव्हे. भीतीने पोट खरोखर दुखतं.

शाळेत कोणी मारतं का, चिडवतं का, हे आधी पाहायलाच हवं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि वर्गात हिंदी किंवा इंग्रजी, अशा कसरतीत आपलं मूल कुठे अडखळतंय का, तेही पाहावं. पण शाळेत सगळं ठीक असूनही जे मूल उंबरठा ओलांडत नाही, त्याच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

अशा मुलाला पुष्कळदा शाळेत जाण्याची भीती नसते, घर सोडण्याची असते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1973 च्या आपल्या ग्रंथात हे उलगडून दाखवलं आहे. आपण नसताना आईला किंवा वडिलांना काही होईल, या धास्तीने मूल घरी थांबतं. कधी चिंतेने ग्रासलेले आईवडीलच, नकळत, त्याला सोबतीला धरून ठेवतात. स्वयंपाकघरात आई पाठमोरी रडताना त्याने पाहिलेलं असतं. रायपूरजवळच्या उरल्याच्या किंवा सिलतऱ्याच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून बाबा बोलत नाहीत, हे त्याला कळलेलं असतं. बाकावर बसून ते घराचाच विचार करत असतं.

यावरून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. जुन्या मानसशास्त्राने ते फार केलं, आणि मला ते मुळीच मान्य नाही. बदलीमुळे इथे आलेल्या एखाद्या तरुण बाईचा विचार करा. माहेर अमरावतीला, सासर नागपूरला, म्हणजे सगळे शेकडो किलोमीटर दूर. बाळंतपणानंतर मन खचलं तर ती सांगणार कोणाला? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडही होतं. चिंता आणि नैराश्यासारख्या नेहमीच्या विकारांत दहापैकी आठांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असं त्यात देशभराचं चित्र दिसलं. त्या न पोहोचलेल्यांत कितीतरी आईबाप असणार, आणि त्यांची मुलं सकाळी पोट धरून बसत असणार.

म्हणून माझा आग्रह आहे की, उपचार मोठ्यांपासून सुरू करा. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताविकार असलेल्या 124 मुलांवर एक अभ्यास केला. निम्म्या मुलांवर थेट उपचार केले. उरलेल्यांचे फक्त पालक उपचारकाला भेटत. मुलाच्या भीतीपायी आपण काय काय बदलत जातो, हे त्या पालकांना दाखवलं आणि त्यात धीराने बदल करायला शिकवलं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली.

मोठ्यांच्या मदतीसाठी आपल्या रायपुरात एम्स आहे. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो. आईने किंवा बाबांनी मदत घेतली की ते मुलाला सांगावं: 'मला बरं वाटत नाही, मी डॉक्टरांकडे जातेय. मला सांभाळणं तुझं काम नाही.' मूल हे लक्ष देऊन ऐकतं.

आणि शाळा पूर्ण बंद होऊ देऊ नका. घरी काढलेला प्रत्येक दिवस पुढचा दिवस अवघड करतो. सुरुवातीला दोन तास चालतील. निरोप घेताना आईचा गळा दाटत असेल तर काही दिवस शेजारच्या काकूंनी सोडावं. शिक्षकांना माझी विनंती आहे की, पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलाला घरी एक फोन करू द्या, पुढच्या आठवड्यात एक दिवसाआड, आणि मग ते स्वतःहून मागेल तेव्हाच.