गोड नसलेली साखर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मानसरोवर, जयपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्य, संगीत किंवा इतिहास यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा संकेत आहे. मी मात्र आपणांपुढे एका पांढऱ्या भुकटीविषयी बोलणार आहे. माझे आयुष्य रसायनशास्त्र शिकविण्यात गेले. त्यामुळे साहित्याच्या प्रांतात शिरण्याचा मला अधिकार नाही, हे एक कारण. दुसरे कारण घरगुती आहे, आणि तेच आधी सांगतो.

माझे ज्येष्ठ बंधू सोलापूरला असत. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. निवृत्तीनंतर ते आणि वहिनी एका गणेशोत्सवात आमच्याकडे जयपूरला राहावयास आले. अण्णांना मधुमेह होता आणि त्यांचे पथ्य शिस्तीचे होते. चहा बिनसाखरेचा, भात मोजका, फिरणे नेमाने. असे असताना येथे आल्यावर त्यांच्या रक्तातील साखर चढू लागली. डॉक्टरांनी गोळी वाढविली. घरात मोदक, पेढे, पंचखाद्य यांची रेलचेल होती, आणि वहिनींचा संशय तिकडे गेला. एके रात्री त्या सर्वांदेखत म्हणाल्या, "तुम्ही चोरून खाता, दुसरे काय?" अण्णा काहीच बोलले नाहीत. ताटावरून उठून गेले. सत्तरीतल्या, स्वाभिमानी माणसावर पोरासारखा चोरीचा आळ आला होता.

दोन दिवसांनी स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधताना दुसराच एक डबा माझ्या हाती आला. कोणी आप्ताने प्रेमाने पाठविलेली शक्तिवर्धक भुकटी होती ती. अण्णा सकाळ-संध्याकाळ दुधातून ती घेत. डब्याच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत आश्वासन होते : साखर घातलेली नाही. मी डबा फिरविला आणि मागची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचली. घटकपदार्थांच्या यादीत दुसरेच नाव होते, माल्टोडेक्स्ट्रिन. डबा बंद केला, तसे काही दिवसांत आकडे खाली आले. अण्णांनी मोदकाला हातही लावला नव्हता. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. आणि मी, रसायनशास्त्राचा शिक्षक, पंधरा दिवस त्याच डब्याशेजारून चहा घेऊन जात होतो, याची मला लाज वाटली.

ही माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. आपल्या आया-आज्या उन्हाळ्यात कुरडया घालीत, ते आठवावे. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते वाटून, गाळून, ते पाणी रात्रभर निवळू द्यावयाचे. सकाळी वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असे. हा चीक म्हणजेच पिष्ट, ज्याला आपण स्टार्च म्हणतो. साबुदाणा हेही टॅपिओका नावाच्या कंदाचे पिष्टच होय. कारखान्यात मका कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवितात, पाण्यात थोडा गंधकाचा वायू सोडलेला असतो. मग दळून अंकुर, कोंडा व प्रथिने निराळी काढतात आणि उरतो तो मक्याचा चीक. आपल्या धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मक्यापासून स्टार्च काढणारा असा कारखाना आहे. आजीच्या पातेल्यात आणि कारखान्याच्या टाकीत तत्त्व एकच आहे.

पिष्टाचा रेणू म्हणजे द्राक्षशर्करेच्या, अर्थात ग्लुकोजच्या, शेकडो-हजारो मण्यांची माळ. माळ अखंड आहे तोवर तिला गोडी नाही. ती तोडली की गोडी प्रकट होते. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावीत राहिले तर तो गोड लागू लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. लाळेतील विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडीत असते. सेंट पीटर्सबर्ग येथे कीर्कहोफ या रसायनज्ञाने १८११ साली बटाट्याचे पिष्ट सौम्य गंधकाम्लात उकळून गोड पाक मिळविला. नेपोलियनच्या युद्धांमुळे युरोपात उसाची साखर दुर्मिळ झाली होती, तो हा काळ. पुढे १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून पिष्ट तोडणारे विकर वेगळे केले. आपण नाचणीला मोड आणून तिचे सत्त्व करतो, तेव्हा हेच विकर जागे होते. म्हणूनच मोडाच्या नाचणीची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ होते आणि लहान मुलाला भरविणे सोपे जाते.

माल्टोडेक्स्ट्रिन करताना आम्ल किंवा विकर यांच्या साहाय्याने ही माळ तोडतात, परंतु शेवटपर्यंत नाही. काही मणी मिळून एकेक तुकडा, अशा अवस्थेत क्रिया थांबवितात, द्रव शुद्ध करतात आणि उष्ण हवेत त्याचे तुषार उडवून भुकटी करतात. माळ किती तुटली हे मोजण्याचे एक माप आहे. अखंड पिष्टाला शून्य आणि द्राक्षशर्करेला १०० धरले, तर माल्टोडेक्स्ट्रिनचा अंक २० पेक्षा कमी असतो. म्हणजे ती पिष्टही राहिली नाही आणि साखरही झाली नाही. तिच्या उपयोगाचे आणि तिच्याविषयीच्या गैरसमजाचे मूळ या मधल्या अवस्थेत आहे.

उद्योगाला ती का आवडते? ती स्वस्त आहे. तिला वास नाही, रंग नाही, गोडी अगदी नाममात्र. पाण्यात सहज विरघळते. फळांचा रस नुसताच सुकवू गेल्यास तो यंत्राच्या भिंतींना चिकटून बसतो. त्यात ही मिसळली की सुटी, कोरडी भुकटी मिळते. सुगंध व चव ती धरून ठेवते, स्निग्धांश कमी केलेल्या पदार्थाला दाटपणा देते, महाग घटकांचे आकारमान वाढविते. म्हणून झटपट सूप, सरबताच्या पुड्या, वेफर्सवरचा आंबटतिखट मसाला, प्रथिनांची व वजन वाढविण्याची चूर्णे, इतकेच नव्हे तर साखरेऐवजी वापरावयाच्या गोडीच्या पुड्या, या सर्वांत तिचा संचार आहे. त्या पुडीतील गोड द्रव्य इतके तीव्र असते की ते कणभरच लागते. पुडी भरते ती बहुधा अशाच भुकटीने. एका पुडीने बिघडण्यासारखे काही नाही. दिवसाकाठी दहा पुड्या ओतणाऱ्याने मात्र हिशेब ठेवावा.

आता शरीराकडे वळू. माल्टोडेक्स्ट्रिनच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात, साखरेइतक्याच. परंतु वेगाचा प्रश्न निराळा आहे. अखंड धान्यातील पिष्ट कोंड्याच्या आणि प्रथिनांच्या वेष्टनात असते. आतड्यातील विकरांना तेथवर पोहोचण्यास वेळ लागतो. येथे ते सारे अडसर कारखान्यातच दूर झालेले असतात आणि माळही अर्धीअधिक तुटलेली असते. त्यामुळे उरलेली फोड क्षणात होते. रक्तातील साखर वाढविण्याच्या वेगाचा जो निर्देशांक आहे, त्यात द्राक्षशर्करा १०० धरल्यास आपली नेहमीची साखर ६५ च्या आसपास येते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र थेट द्राक्षशर्करेच्या पंक्तीला जाऊन बसते. जिभेला जी साखर कळत नाही, ती रक्ताला साखरेहूनही लवकर कळते.

मग डब्यावर "साखर घातलेली नाही" असे कसे छापता येते? हे खोटे नसते, हीच यातील मेख आहे. कायद्याच्या भाषेत शर्करा म्हणजे एक किंवा दोन मण्यांचे रेणू. त्याहून लांब तुकडे शर्करेच्या रकान्यात मोडत नाहीत. ते कर्बोदकांच्या रकान्यात जातात. समजा, एका भुकटीच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ७० ग्रॅम आणि एकूण शर्करा ३ ग्रॅम लिहिली आहे. भाबडा वाचक तीनचा आकडा पाहून निश्चिंत होतो. जाणत्याने विचारावयास हवे की उरलेली ६७ ग्रॅम कर्बोदके कसली आहेत? नाचणी-ओटसारख्या अखंड धान्याची, की या भुकटीची? दुधातून घेतलेल्या दोन मोठ्या चमच्यांत ती २० ग्रॅम गेली, तर पाच चहाचे चमचे साखरेइतके उष्मांक गेले.

उत्तर शोधण्याचे साधन आपल्या हाती आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक नियमांनुसार घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे नाव पहिल्या तिनांत आले, ते त्या पदार्थात भरपूर आहे असे समजावे. शेवटी शेवटी आले, तर ते चिमूटभर असण्याचा संभव अधिक. सॉस किंवा कस्टर्ड यांवर १४२२ किंवा १४४२ असे आकडे दिसतात, ती माल्टोडेक्स्ट्रिनची सोंगे नव्हेत. ती दाटपणासाठी रासायनिक प्रक्रिया केलेली पिष्टे होत आणि त्यांचे प्रमाण सहसा थोडे असते. दोहोंची गल्लत करू नये.

मला भीतीचा प्रसार करावयाचा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माल्टोडेक्स्ट्रिनला सर्वसाधारणपणे सुरक्षित अशा द्रव्यांत गणले आहे. रुग्णालयात ज्याला नळीवाटे अन्न द्यावे लागते, त्याच्या आहारातील कर्बोदकांचा मोठा भाग बहुधा हिचाच असतो. द्राक्षशर्करेचे दाट द्रावण आतड्यात पाणी खेचून जुलाब लावते; हिचे रेणू मोठे असल्याने तो त्रास कमी होतो. लांब पल्ल्याच्या धावपटूलाही ती उपकारक ठरते, कारण त्याला ऊर्जा तत्काळ हवी असते. गव्हापासून केलेली असली तरी तीत ग्लूटेन जवळजवळ उरत नाही, म्हणून युरोपीय संघाने तिला त्या सूचनेतून वगळले आहे. तथापि ज्यांना ग्लूटेन मुळीच सोसत नाही, त्यांनी आपल्या वैद्याला विचारूनच काय ते ठरवावे.

आतड्यांविषयीचे संशोधन मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले की, आतड्याच्या क्रोन नावाच्या विकाराशी संबंध असलेले काही जंतू माल्टोडेक्स्ट्रिनच्या सान्निध्यात पेशींना अधिक घट्ट चिकटतात. रोममधील शास्त्रज्ञांनी २०१९ साली उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा आतड्याचे श्लेष्मल आवरण क्षीण झालेले आणि मुद्दाम उत्पन्न केलेला दाह अधिक तीव्र झालेला आढळला. हे निष्कर्ष पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहेत. माणसाला ते जसेच्या तसे लागू करणे शास्त्राला मान्य नाही. परंतु ज्यांना आतड्याच्या दाहाचा जुना विकार आहे, त्यांनी अशा पदार्थांचा नित्य मारा टाळणे शहाणपणाचे होय.

हा विषय आपल्या मंडळापुढे का मांडला? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यात आपल्या घरचेही कोणी असणारच. शिवाय आपण घरापासून दूर राहतो. नाचणीचे सत्त्व, मेतकूट, भाजणी ही गावाहून कोणी आणली तर येतात. एरवी मुलाच्या परीक्षेसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी, आजोबांच्या अशक्तपणासाठी आपण दुकानातून एखादा डबा आणतो. त्या डब्यात माया असते, यात शंका नाही. पण मायेलाही अक्षरे वाचता आली पाहिजेत. दूर राहणारी मुले आईवडिलांना भेट म्हणून जे डबे पाठवितात, त्यांनी तर पाठविण्यापूर्वी मागची बाजू जरूर वाचावी. वृद्धांना ती बारीक अक्षरे दिसत नाहीत, आणि मुलाने पाठविलेल्या वस्तूविषयी शंका घेणे त्यांच्या मनाला रुचत नाही. अण्णांनाही ते रुचले नव्हते.

माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. आपल्या मासिक बैठकीत एखादे वेळी प्रत्येकाने घरातला एकेक डबा आणावा आणि तरुणांनी त्याची मागची बाजू वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. तीन गोष्टी पाहाव्यात : पहिले तीन घटक कोणते, एकूण कर्बोदके किती, आणि त्यांतील शर्करा व तंतू वजा जाता उरते काय. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

अण्णा आज हयात नाहीत. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला वहिनींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटात एक उकडीचा मोदक वाढला होता. डॉक्टरांना विचारून, भाताचा घास कमी करून. अण्णा तो फार सावकाश खात होते. साखर असलेली, साखरेसारखी लागणारी, उघडउघड गोड अशी ती वस्तू होती. तिचा हिशेब धरता येत होता, म्हणून ती पथ्यात बसविता आली.