डब्यावरचे माप
(साहाय्यक मंडळींच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पाड्यावरच्या शेतकऱ्यांसाठी घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे पुढे काय झाले, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले. इंजिन बांधायला तुम्ही पैसे दिलेत, तेव्हा हिशेब द्यायलाच हवा. त्या हिशेबात एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसनचा. तीन सिलिंडरचे पर्किन्स डिझेल इंजिन. ते तेल पीत होते, धूर सोडत होते आणि ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हते. मिस्त्रीकाका म्हणाले, “कॉम्प्रेशन गेलंय. लायनर, पिस्टन, रिंगा बदलाव्या लागतील.” मॉडेल जुने, कंपनीचा माल महाग, म्हणून आम्ही बाजारातला माल घ्यायचे ठरवले. त्यात गैर काही नाही. दुसऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला भाग वेगळा आणि कंपनीचे खोटे लेबल लावलेला नकली भाग वेगळा. चांगले कारखाने चांगलाच माल देतात.

मी पिस्टन एका दुकानातून घेतले, रिंगा दुसऱ्यातून. थोडे पैसे वाचले. डब्यावरची मापे जुळत होती. नवे लायनर ब्लॉकमध्ये दाबून बसवले आणि पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे बोअर करून घेतले. इंजिन बांधायच्या आधी मिस्त्रीकाका म्हणाले, “एक दिवस द्या, रिंगांची गॅप बघतो.” मी म्हणालो, “काका, पाऊस तोंडावर आलाय. नवीनच माल आहे, बसवा.”

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. रिकामी ट्रॉली घेऊन ते गावभर फिरले, आम्ही पेढे वाटले. पहिला पाऊस झाला, वाफसा आला, नांगरट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भर नांगरात इंजिन जड झाले आणि जाम होऊन थांबले. एकट्याने शेती करणाऱ्या एका ताईंचे शेत अर्धेच नांगरून झाले होते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “दादा, ट्रॅक्टर दुरुस्त होईल. वाफसा थांबेल का?”

इंजिन खोलले. रिंगांची टोके एकमेकांवर घासून चकाकत होती आणि लायनरवर उभे ओरखडे पडले होते. रिंग तापली की वाढते. तिला वाढायला जागा हवी, म्हणून दोन टोकांत फट ठेवतात. ती फट कमी पडली तर टोके भिडतात आणि रिंग लायनरला चावते. रिकाम्या ट्रॉलीला इंजिन फारसे तापत नाही, म्हणून दोष नांगराला जुंपल्यावरच दिसला.

फट कमी का पडली? बोअर अगदी थोडे लहान राहिले होते. बोअर दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश कमी असेल, तर रिंगची फट सहा थाऊंनी घटते. त्यात रिंगा दुसऱ्या कारखान्याच्या. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक होता. सगळे एकत्र जमतात का, हे तेवढे कोणी पाहिले नव्हते.

दुसऱ्यांदा आम्ही आधी मापले, मग बांधले. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजला आणि त्याच्या मापावरून त्याचे बोअर केले. डब्यावरचा आकडा धरला नाही. मग प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घातली, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ बसवली आणि फिलर गेजने फट पाहिली. मिस्त्रींचा ठोकताळा असा, की बोअरच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ. आमचे बोअर ३.६ इंच, म्हणजे कमीत कमी अकरा ते चौदा थाऊ. शेवटचा शब्द अर्थात मॅन्युअलचा. दोन रिंगा घट्ट निघाल्या; त्यांची टोके बारीक कानशीने सरळ घासली. नवे हेड गॅस्केट जुन्यावर ठेवून पाण्याची भोकेही ताडून पाहिली. या सगळ्याला एक दिवस लागला. मी नाकारलेला तोच दिवस.

या वेळी सुरुवातीला हलकी कामे दिली, तेल बदलले, मगच नांगर लावला. इंजिन आता नीट चालते. ताईंचे उरलेले शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरून घेतले, तरी त्यांची पेरणी मागे पडली. ती मला भरून देता आली नाही.

दुसऱ्या लायनर-पिस्टनचा खर्च हिशेबात वेगळ्या ओळीत लिहिला आहे, ‘किरकोळ दुरुस्ती’त दडवलेला नाही. थियॉलॉजीच्या डिप्लोमात रिंगची गॅप शिकवत नाहीत. पण जाणत्या माणसाचे ऐकावे, हे मला तिथेही शिकवले होते. पाड्यावरची दोन मुले आता मिस्त्रीकाकांजवळ मापे घ्यायला शिकत आहेत. त्यांच्यासाठी एक मायक्रोमीटर आणि एक बोअर गेज हवे आहे. पुढच्या वेळी माझ्यासारखा कोणी घाई करू लागला, तर त्याला थांबवणारे पाड्यावरच असतील.