भिंत कुणाची?



भिंतीवर चितारणं ही कला, की विद्रूपीकरण?
उत्तरासाठी एकच विचारायचं :
भिंत कुणाची?

वारली घरात लग्न असलं,
की गेरूच्या भिंतीवर
तांदळाच्या पिठानं चौक लिहितात.
भिंत घरची, हात घरचे.
ती कला.

२०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये
कलावंतांनी भिंती रंगवल्या.
परवानगी घेऊन.
तीही कला.

पण गडाच्या तटावर
खिळ्यानं कोरलेली नावं?
तो गड आपल्या सगळ्यांचा.
कोरलेला दगड पुन्हा भरून येत नाही.
केंद्र संरक्षित स्मारक विद्रूप केलं,
तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून श्रोतेहो,
रंग हाती घेण्याआधी विचारा :
भिंत कुणाची?
आणि गडावर जाल,
तेव्हा नाव कोरू नका.