साधनपट्टीची भाषा



१९५६च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून बीदरमध्ये आणि कलबुर्गीच्या आळंद भागात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर बसत आली आहेत.

आमच्या महाविद्यालयाची भित्तिपत्रिका आम्ही वर्डप्रेसवर नेली, तेव्हा एक विद्यार्थिनी कविता घेऊन आली आणि पडद्यापुढे नुसतीच बसून राहिली. वरच्या काळ्या साधनपट्टीवर सगळे शब्द इंग्रजी होते आणि त्यांतले बरेचसे तिच्या कामाचेही नव्हते. लिहायला कोठून सुरुवात करायची, हेच तिला उमगेना.

चूक आमची होती. घाईत आम्ही सर्वांनाच प्रशासक करून ठेवले होते. मी म्हटले, नको ते शब्द पट्टीवरून काढून टाकू. तेव्हा लक्षात आले की शब्द लपवला म्हणून अधिकार जात नाही. पत्ता ठाऊक असेल तर ते पान तरीही उघडते. म्हणून आधी भूमिका ठरवल्या. विद्यार्थ्याने लेखन करून तपासणीसाठी पाठवायचे, संपादकाने ते प्रसिद्ध करायचे. एवढे केल्यावर पट्टी आपोआप आटोपशीर झाली.

मग भाषेचा प्रश्न. ही पट्टी २०११च्या आवृत्तीत आली. २०१६च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक सदस्याला स्वतःची भाषा निवडता येते. प्रशासकाने भाषा एकदा बसवून ठेवायची. पुढे ज्याने त्याने आपल्या परिचयपानावर ती निवडायची. त्यामुळे आतल्या कामाच्या पानांवर एकीला मराठी पट्टी दिसते, शेजारणीला कन्नड. उर्दू निवडणाऱ्याची पट्टी उजवीकडून सुरू होते. संकेतस्थळ एकच, पण कोणाच्या भाषेने कोणाची भाषा हटवली नाही. सीमाभागात राहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पट्टीच्या टोकाला सदस्याचे स्वागत असते. मूळ इंग्रजी शब्द आहे ‘हाउडी’, अमेरिकेच्या ग्रामीण बोलीतला. थोडासा कोड लिहून तो बदलता येतो. मग आमच्यात वाद झाला: मराठीत रामराम म्हणावे की नमस्कार? कोणी ‘शरणु शरणार्थी’ सुचवले, कोणी ‘आदाब’. त्या एका शब्दावर झालेली चर्चा माझ्या अनेक तासिकांपेक्षा सरस होती. शेवटी नमस्कार ठरला.

वर्डप्रेसचे हे सारे शब्द जगभरातील स्वयंसेवक अनुवादित करतात. मराठीसाठी ते काम करायला दोन-तीन भाषांत वाढलेली आपली मुले अधिक योग्य आहेत. परिभाषा कोशात तयार होते, पण ती रुळते अशा रोजच्या पट्टीवर. मराठी विभागांनी वर्गातला एक तास या कामाला द्यावा, एवढीच विनंती.

त्या मुलीने मराठी पट्टीवर ‘नवीन’ हा शब्द शोधला आणि कविता स्वतःच टंकली.