तपासणाऱ्याचे शिक्षण



तपासणीचा दिवस ठरला की खेड्यातील शाळेत हजेरीपत्रके पुरी होतात, तक्ते झटकले जातात आणि हुशार मुले पुढच्या रांगेत येतात. अधिकारी येतात, पटसंख्या पाहतात, शेरेबुकात ‘वाचन असमाधानकारक’ असे लिहितात व निघून जातात. वाचन सुधारावे कसे, हा प्रश्न मात्र शिक्षकापाशीच उरतो.

हा दोष आजचा नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सांगितले होते की, डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा लाभ नाही. निदान तिमाही तपासणी व्हावी व काही भेटी पूर्वसूचनेवाचून व्हाव्यात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. त्यानंतर कोठारी आयोगाने प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही कामे वेगळी मानावीत असे सुचविले, कोल्हापूरकडील जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. पुढे १९९४ नंतर केंद्रप्रमुख आले आणि अधिकारी शाळेच्या अधिक जवळ आला. परंतु भेट देणाराच मार्गदर्शनास सिद्ध नसेल, तर भेटी वाढून काय साधणार?

उत्तम शिक्षक बढती मिळताच उत्तम तपासनीस होतो, हा समज चुकीचा आहे. मुलांना शिकविणे ही एक कला; शिकविणाऱ्यास साहाय्य करणे ही दुसरी. ती अभ्यासानेच येते. तपासनिसाने मुलाशेजारी बसून त्याचे वाचन ऐकावयास शिकले पाहिजे. मूल अक्षरापाशी अडते, जोडाक्षरापाशी अडते, की शब्द वाचूनही अर्थापाशी थांबते, हे त्याला ओळखता आले पाहिजे. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच वेळी दोन-तीन वर्ग कसे चालवावेत, याचा पाठ त्याला स्वतः देता आला पाहिजे.

रोह्यासारख्या तालुक्यात आणखी एक जाण हवी. पावसाळा सरला की कातकरी वाडीतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात व पुढील पावसापूर्वी परततात. हजेरीपत्रकात त्या मुलापुढे केवळ ‘गैरहजर’ दिसते. त्याची घरची बोली निराळी, पाठ्यपुस्तकाची भाषा निराळी. हे न जाणणारा तपासनीस शिक्षकाला दोष देईल; जाणणारा, परतलेल्या मुलाची उजळणी कोठून सुरू करावी ते सांगेल.

मग शेराही बदलेल. ‘तिसरीतील पाच मुले जोडाक्षरांपाशी अडतात, रोज पंधरा मिनिटे त्यांचा वेगळा गट करावा, पुढील भेटीत याच मुलांचे वाचन ऐकले जाईल,’ असा शेरा शिक्षकाला वाट दाखवितो आणि अधिकाऱ्यालाही बांधून ठेवतो.

असे प्रशिक्षण कार्यालयातील व्याख्यानांनी होणार नाही. पनवेलच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत त्याचा पाया घालता येईल. सराव मात्र वर्गातच व्हावा. दोन अधिकाऱ्यांनी एकच पाठ पाहावा, स्वतंत्र टिपणे करावीत व ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांसमोर ताडून पाहावीत.

यात शिक्षकांचाही वाटा आहे. पुढील भेटीच्या वेळी कागदपत्रे दाखवून झाली की, ‘या वर्गावर एक पाठ घेऊन दाखवाल काय?’ असे नम्रपणे विचारावे. यात अधिकाऱ्याचा अवमान नाही. शिकण्याची गरज खडू हाती धरणाऱ्याला आहे, तशीच शेरा लिहिणाऱ्यालाही आहे; आणि दोघांनी ती टाळली, तर तिची किंमत भट्टीवरून परतलेल्या त्या मुलाला मोजावी लागते.