जुन्या संगणकाची स्मृती वाढविताना



कुंभकोणमच्या जवळच तिरुनागेश्वरम् हे गाव आहे. तंजावरच्या मराठी राजांच्या मुलुखातले हे गाव राहूच्या स्थानासाठी प्रसिद्ध असून राहुकाळी तेथे दुग्धाभिषेक होतो. शेजारच्या कुंभकोणममध्ये श्रीनिवास रामानुजन शिकले. कागद परवडत नसे, म्हणून ते पाटीवर गणित मांडीत, कोपराने पुसून पुढची पायरी लिहीत आणि वहीत केवळ निष्कर्ष उतरवीत. थोड्या जागेत मोठे काम करण्याची ही कला पुढे घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीलाही शिकावी लागली.

१९८४-८५ च्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्याकडील शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. इंग्लंडमध्ये १९८२ साली निघालेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' १६ आणि ४८ किलोबाइट अशा दोन रूपांत मिळे; १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची 'प्लस' आवृत्ती भारतात आणली. एखाद्या घरी माळ्यावर १६ किलोबाइटचा स्पेक्ट्रम अजून असेल आणि सोबतच्या कॅसेटी ४८ किलोबाइटच्या असतील, तर त्या चालणार नाहीत. अशा वेळी स्मृती वाढविण्याचा मोह होतो. मात्र त्यातील यूएलए ही मूळ चिप आता बनत नाही. चुकीची भर घातल्यास यंत्रच गमवावे लागेल.

प्रथम यंत्रालाच विचारावे. 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' असे टंकित केले असता उत्तर ३२७६७ आले, तर यंत्र १६ किलोबाइटचे. ६५५३५ आले, तर ४८ चे. नंतर बोर्डाची आवृत्ती पाहावी. पहिल्या आवृत्तीत वाढीव स्मृतीसाठी वेगळे छोटे बोर्ड लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रिकामी सॉकेट्स असतात आणि त्यांत एकूण बारा चिप्स बसतात : आठ स्मृतीच्या, चार तर्कमंडलांच्या. बाजारातून केवळ आठ आणून भागत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

खरी मेख पुढेच आहे. खालच्या १६ किलोबाइटसाठी '४११६' चिप असते. तिला ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टदाब लागतात. वरच्या भागात '४५३२' बसते. ती म्हणजे एक अर्धा भाग सदोष निघालेली ६४ किलोबिटची चिप. चांगला अर्धा भाग वापरून ती स्वस्तात विकली गेली. काटकसर म्हणावी तर ही! चांगला भाग वरचा की खालचा हे चिपेवर नोंदलेले असते, आणि बोर्डावरील तारेची लिंक त्यानुसार, तसेच चिपेच्या कंपनीनुसार जुळवावी लागते. म्हणून आठही चिप्स एकाच जातीच्या असाव्यात.

आज '४५३२' दुर्मिळ झाल्याने पूर्ण ६४ किलोबिटची '४१६४' वापरतात. तिचे दोन्ही अर्धे भाग चांगले असतात. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर मात्र स्मृती ताजी ठेवताना १२८ ओळींपुरतीच गणना करतो. म्हणून १२८ ओळींची 'रिफ्रेश' असलेलीच चिप घेणे सुरक्षित.

ही '४१६४' चुकून '४११६' च्या सॉकेटमध्ये गेली, तर तिच्या आठव्या पिनेवर पाचऐवजी बारा व्होल्ट येतात आणि ती जळते. दोघींचा आकार सारखा, पिना सोळाच. डोळ्यांना फरक कळत नाही, अंक वाचूनच ओळखावे लागते.

मागच्या जोडणीत बसणारा पॅक घ्यावयाचा असल्यास तो स्पेक्ट्रमचाच असावा. झेडएक्स ८१ चा पॅक येथे बसत नाही. (त्या यंत्रावर तो नुसता हलला तरी सारे काम पुसले जाई, ही गोष्ट वेगळी.) कुंभकोणमकडे नव्या कामास राहुकाळ वर्ज्य मानतात, स्पेक्ट्रमला वीज चालू असतानाचा प्रत्येक क्षण वर्ज्य आहे. वीज तोडल्याशिवाय पॅक लावू अगर काढू नये. काम आटोपल्यावर तोच प्रश्न पुन्हा यंत्राला विचारावा. ६५५३५ हे उत्तर आले, की वरची ३२ किलोबाइट त्याला गवसली.