क्षीण स्वर

रशियन भाषेंत दुधाचा शब्द 'मोलोको' असा लिहितात. ऐकूं मात्र 'मलाको' असा येतो. आघात शेवटच्या स्वरावर पडतो आणि आधींचे दोन्ही 'ओ' क्षीण होतात. मराठींत आघात सौम्य, तरी स्वर झिजतात. 'घर' शब्दाच्या अंतींचा 'अ' आपण उच्चारीत नाहीं. 'लातूर' शब्दांतील दीर्घ 'ऊ' 'लातुरास' म्हणतांना ऱ्हस्व होतो. 'माणूस'चें 'माणसास' होतांना तर तो पार लोपतो. हा भाषेचा नियमच आहे. म्हणून गंजगोलाईजवळच्या एखाद्या मुलानें 'लातूरास' असें लिहिलें, तर त्याला रागें भरूं नये. तोच शब्द त्याजकडून मोठ्यानें म्हणवून घ्यावा. त्याची जीभ हा नियम आधींपासूनच पाळीत असते. लेखणी मागून शिकेल.